स्लॅबखालची रात्र

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत रात्री नऊच्या सुमारास कोणत्याही एकमजली घरात जावे, स्टुलावर चढावे आणि स्लॅबच्या खालच्या अंगाला तळहात टेकवून पाहावा. सूर्य मावळून दोन तास होऊन गेलेले असतात, बाहेर वारा सुटलेला असतो, अंगणातली फरशी निवू लागलेली असते. पण छताला टेकवलेला हात फार वेळ तिथे ठेववत नाही. हा प्रयोग मला माझ्या मामींनी करायला लावला, आणि ज्या घरात तो करायला लावला ते घर मीच आखलेले होते.

वास्तुकलेची पदवी घेऊन मला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. मामांचा प्लॉट जुळे सोलापुरात. रस्ता पश्चिमेला, म्हणून दर्शनी बाजू पश्चिमेला. दर्शनी बाजू म्हणून तिथे सहा फुटी काचेची खिडकी. आणि डोक्यावर पाच इंची स्लॅब व त्यावर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा सिमेंटात बसवलेला थर), म्हणजे गावात सगळे करतात तेच. नकाशा मंजूर झाला, वास्तुशांत झाली, फोटोही चांगले आले. पहिल्या उन्हाळ्यात मामींचा फोन आला. “अगं, आमच्या आईच्या माळवदात आम्ही मे महिन्यात दुपारी चादर पांघरून झोपायचो. तुझ्या या घरात रात्रीसुद्धा डोळ्याला डोळा लागत नाही. तू शिकलीस ते नेमकं काय?” त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझ्या कामाची पुढची बरीच वर्षे गेली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

प्रथम उन्हाचा हिशेब सांगते. सोलापूर साधारण १७.७ अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात इथे सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. म्हणजे वर्षातल्या सर्वांत कडक दिवसांत भर दुपारी ऊन भिंतींना जवळजवळ स्पर्शच करत नाही. ते सरळ छतावर कोसळते. स्वच्छ आकाशाखाली भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट एवढी ऊर्जा येते. हजार चौरस फुटांचे छत म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. राखाडी, मळकट सिमेंटचा पृष्ठभाग त्यातील साधारण ७० टक्के ऊर्जा शोषून घेतो, म्हणजे ६५ किलोवॅट. यातील बरीचशी उष्णता वाऱ्याबरोबर आणि आकाशाकडे परत जाते हे खरे. परंतु दीड टनाचा एसी पूर्ण जोराने चालला तरी खोलीतून सव्वापाच किलोवॅटच्या आसपासच उष्णता बाहेर काढू शकतो, हे लक्षात घेतले की आपण कोणाशी झुंज मांडली आहे ते कळते.

यातला दुसरा भाग वेळेचा आहे. काँक्रीट ऊन लगेच आत सोडत नाही. पाच-सहा इंची स्लॅबच्या वरच्या पृष्ठभागावर दुपारी जी उष्णता जमा होते ती खालच्या पृष्ठभागावर पोचायला चार-पाच तास लागतात. दुपारी दोनचे ऊन संध्याकाळी साडेसहा-सातला खोलीत उतरते आणि तिथून पुढे मध्यरात्रीपर्यंत छत आपल्या अंगावर उष्णता फेकत राहते. पंख्याने भागत नाही, कारण पंखा तीच तापलेली हवा खाली ढकलतो. माणसे अंथरूण घेऊन गच्चीवर जातात, ती सवयीने जातात तशी या गणितामुळेही जातात.

मामींच्या आईचे माळवद या गणिताला वेगळ्या रीतीने उत्तर देत होते. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, वर सागवानी तुळया, त्यांवर किलचण म्हणजे आडव्या फळ्या, आणि त्यावर दीड-दोन फूट पांढरी माती चोपून बसवलेली. मधोमध उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी साणे. एवढ्या जाड मातीतून दिवसाचे ऊन खाली येईपर्यंत दिवस संपून जाई आणि रात्रीचा गारवा तिला परत थंड करून टाकी, त्यामुळे आतले तापमान दिवसरात्र जवळपास एकाच पातळीवर राही. सोलापूर, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), लातूर या पट्ट्यात उन्हाळ्यात दिवस आणि रात्र यांच्या तापमानांत चौदा-पंधरा अंशांचा फरक पडतो, आणि जिथे असा फरक पडतो तिथेच जाड भिंत आणि जाड छत यांची ही युक्ती चालते. माळवद ही दख्खनच्या कोरड्या हवेची कमाई होती.

पण इथे थांबून जुन्या घरांचे गोडवे गाण्याची सोय मला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या आधी आमच्या घरातली मांडणीवरची भांडी वाजली, तेव्हा मी शाळेत होते. किल्लारीच्या त्या भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि कित्येकदा त्यांत शे-दोनशेच माणसे दगावतात. इथे सुमारे दहा हजार माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक आपापल्या घरांखाली गेली. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या त्या जाड भिंती प्रत्यक्षात दोन पातळ भिंती होत्या, बाहेरची एक आणि आतली एक, मध्ये दगडगोट्यांची भर. त्यांना एकत्र बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हादरा बसताच दोन्ही कातडी सुटी झाली आणि वरची टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. दुपारी चादर पांघरायला लावणारे छत ते हेच. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि या सगळ्या पट्ट्यात दगडमातीविषयी जी भीती बसली ती आजही आहे. माझ्या मामांनी स्लॅबचा आग्रह धरला तो हौसेने नव्हता. म्हणून पारंपरिक घरांकडे परत चला असे कोणी व्याख्यानात म्हणू लागले की मला अस्वस्थ वाटते. माळवदाकडून घ्यायचे ते त्याचे उष्णताशास्त्र. त्याचे वजन घ्यायचे नाही.

आणि ते तसे घेता येते. छताच्या एका बाजूची हवा दुसऱ्या बाजूपेक्षा एका अंशाने अधिक गरम असेल, तर एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता पार होते, या आकड्याला यू-मूल्य म्हणतात. पाच इंची बोडक्या स्लॅबसाठी ते साडेतीनच्या आसपास येते. कोबा धरला तरी ते दोनाच्या वरच राहते. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ काढली, तिच्यात छतासाठी ही मर्यादा १.२ आहे. कोब्याच्या वर अवघ्या २५ मिलिमीटरचे, म्हणजे एका इंचाचे, दाट फोमचे उष्णतारोधक पत्रे बसवले की हा आकडा एकाच्या आत येतो आणि ५० मिलिमीटरला तो अर्ध्यावर जातो. दोन फूट मातीचे काम दोन इंचांत होते आणि त्या दोन इंचांचे वजन एका माणसाला उचलता येते. मात्र त्या संहितेत एक गोम आहे: ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील बांधकामासाठी लिहिलेली आहे. मामांसारख्यांचे दोन-अडीच हजार चौरस फुटांचे प्लॉट, म्हणजे आपल्या तालुक्यांच्या गावांतली बहुतेक घरे, तिच्या कक्षेतच येत नाहीत.

हे उष्णतारोधक स्लॅबच्या वर घालायचे की खाली, यावर मी एके काळी बेफिकीर होते. खाली घालणे सोपे: पीओपीच्या छताआड लपते, पाण्याची काळजी नाही. परंतु मग स्लॅब दिवसभर उन्हात भाजत राहतो, त्याचे आकुंचन-प्रसरण चालू राहते, भेगा पडतात आणि गळती सुरू होते. वर घातले तर स्लॅबचे सगळे वजन घराच्या आतल्या बाजूला, सावलीत येते. रात्री खिडक्या उघड्या ठेवल्या की तो थंड होतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो गारवा पुरवतो, म्हणजे माळवदाचेच काम करतो. यात एक अट दडलेली आहे आणि ती कंत्राटदार सांगत नाही. वर पांघरूण घातलेला स्लॅब आकाशाकडे उष्णता सोडू शकत नाही, त्यामुळे रात्री वारा आत घेतला नाही तर घर कोंदटच राहते. चोरांच्या नाहीतर डासांच्या भीतीने जिथे खिडक्या रात्री बंद होतात तिथे आधी जाळी आणि गज, मग उष्णतारोधक, असा क्रम मी आता लावते.

सर्वांत स्वस्त उपाय या सगळ्याच्याही आधी करण्याजोगा आहे. गच्ची पांढरी करावी. नवा पांढरा पृष्ठभाग ८० टक्क्यांच्या आसपास ऊन परत पाठवतो. म्हणजे ते ६५ किलोवॅट १५-२० वर येतात. चुन्याची सफेदी त्यासाठी पुरते. पण सोलापूरची धूळ दिवाळीपर्यंत तिला मातकट करून टाकते, त्यामुळे दर वर्षी गुढीपाडव्याच्या आधी पुन्हा हात मारावा लागतो. टाइल्सच्या तुकड्यांच्या पांढऱ्या चायना मोझॅकला खर्च जास्त येतो. मात्र ती धुतली की पुन्हा पांढरी.

पश्चिमेच्या खिडकीची चूक छतापेक्षा लहान होती, तरी लाजिरवाणी अधिक होती, कारण ती मी कागदावर पकडू शकले असते. दक्षिणेच्या भिंतीला दोन फुटांचा छज्जा दिला तर मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी त्याची सावली सव्वासहा फूट खाली उतरते, आणि गंमत अशी की त्या दिवशी ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेवढीच राहते. डिसेंबरच्या दुपारी मात्र सूर्य खाली आल्यामुळे सावली सव्वादोन फुटांवर येते आणि हवेहवेसे ऊन खिडकीतून आत शिरते. छज्जा हा शब्द आपण पावसाशी जोडतो, पण दक्षिणेला तो पंचांगासारखा काम करतो. पश्चिमेला त्याचा उपयोग नाही. मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून साधारण २५ अंशांवर असतो आणि तिथे दोन फुटांच्या छज्ज्याची सावली एक फूटदेखील भरत नाही. शिवाय तो नेमका पश्चिमेला नसून थोडा वायव्येकडे सरकलेला असतो, म्हणून संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतही तो तिरका डोकावतो.

खिडकी बुजवून टाकावी, तर वारा पश्चिमेचाच. उन्हाळ्यातली संध्याकाळची झुळूक आणि पुढे पावसाळी वारा दोन्ही तिकडूनच येतात. हे कोडे मोठ्यांनाही पडलेले आहे. मुंबईत वास्तुकार चार्ल्स कोरिया यांच्या १९८३ साली पुऱ्या झालेल्या कांचनजंगा या उंच इमारतीपुढेही तोच पेच होता: समुद्रावरचा वारा आणि देखावा पश्चिमेला, आणि तापलेले ऊन व पावसाचा मारादेखील पश्चिमेलाच. त्यांनी जुन्या बंगल्यांचा व्हरांडा उचलून मजल्यांवर नेला आणि दुमजली उंचीच्या खोल गच्च्या करून घराला उन्हापासून मागे सारले. आमच्याकडे एवढे वैभव नव्हते. आम्ही काच काढली, खिडकी निम्मी केली, तिला लाकडी झडपा लावल्या आणि पुढे साडेपाच फुटांची पडवी काढून तिच्या बाहेरच्या अंगाला विटांची जाळी रचली. त्याआधीच, पहिल्या उन्हाळ्यानंतर, मामींनी माझी वाट न पाहता तिथे एक कडुनिंब लावला होता. आज त्या बाजूचे निम्मे काम तो कडुनिंब करतो, हे मी कोणत्याही सादरीकरणात सांगत नाही.

मामांचे घर बाजूच्या वाड्यांपेक्षा अधिक तापते, याचे आणखी एक कारण मला उशिरा कळले. पेठेतल्या वाड्याच्या दोन बाजू शेजाऱ्यांच्या भिंतींना टेकलेल्या असतात, उजेड आणि हवा मधल्या चौकातून येते, त्यामुळे ऊन खाणाऱ्या बाह्य भिंती दोनच उरतात. आजच्या नियमांप्रमाणे चारही बाजूंनी जागा सोडावी लागते. आग, मलनिस्सारण, शेजाऱ्याचा उजेड, ही त्यामागची कारणे रास्त आहेत. पण लहान प्लॉटवर याचा परिणाम असा होतो की चौकाला जागा उरत नाही, घर सर्व अंगांनी उघड्यावर पडते, आणि सोडलेल्या तीन-चार फुटांच्या पट्टीत फरशी घालून आपण तिलाही तापवतो. त्या पट्टीत निदान माती ठेवावी आणि पूर्व-पश्चिमेला वेल चढवावेत, एवढेच मी आता घरमालकांकडून वदवून घेते.

हे सगळे सोलापूरचे झाले. रत्नागिरीत यातले निम्मे लागू पडत नाही. तिथे दिवस-रात्रीत सहा-सात अंशांचाच फरक, हवा दमट. जाड छत रात्री थंड होईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. कोकणातले उतरते कौलारू छप्पर, फटींतून सुटणारी गरम हवा, समोरासमोरच्या खिडक्या आणि पावसाळ्यापूर्वी भिंतींना लावायचे माडाचे झाप, हे त्या हवेचे उत्तर आहे, आणि त्यावर आज जो सपाट स्लॅब व त्या स्लॅबवर गळतीसाठी पुन्हा पत्रा चढतो आहे, तो एकाच घरावर दोन छपरांचा खर्च आहे. संहितेतही ही जाणीव आहे: उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्रफळ उष्ण-दमट प्रदेशात चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावे असे ती सांगते, तर उष्ण-कोरड्या प्रदेशात १० टक्के पुरेसे मानते. नागपूरकरांचा वाळ्याचा कूलरही असाच हवेशी बांधलेला आहे. ४३ अंश आणि हवेत २० टक्के आर्द्रता असताना पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा तत्त्वतः २४-२५ अंशांपर्यंत खाली आणता येते. तोच कूलर जूनच्या मध्यानंतर नुसता चिकचिकाट करतो, आणि मुंबईत तर मेमध्येही.

विजेचा विचार मी मुद्दाम शेवटी करते, कारण ग्राहक तो सर्वांत आधी करतात. ‘ग्रीन’ घर म्हणजे वर सोलर पॅनेल, असे समीकरण पक्के बसले आहे. पॅनेल लावावेतच, पंतप्रधान सूर्यघर योजनेत २०२४ पासून तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि आपल्याकडे एका किलोवॅटमागे दिवसाला चारच्या आसपास युनिट मिळतात. मामांनीही लावले. उंच सांगाड्यावर लावल्यामुळे निम्म्या गच्चीला सावली झाली, हा त्यातला मला अधिक आवडलेला फायदा. पण भट्टीसारखे घर बांधून ती भट्टी स्वतःच्या विजेने थंड करणे ही कार्यक्षमता मानायला माझे मन तयार नाही. आपल्या जाळ्यातल्या विजेच्या प्रत्येक युनिटमागे अजून सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. छत गार असेल तर हा पंखा पुरतो आणि एसीची गरज वर्षातल्या मोजक्या दिवसांवर येते. आणि सिमेंटचे काय? जगातल्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. वास्तुकार लॉरी बेकर यांनी केरळात स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीट निव्वळ भरतीचे असते, जुनी कौले घालून काँक्रीट वाचवले आणि उभ्या विटांच्या पोकळ भिंती रचून सुमारे चौथा हिस्सा विटा वाचवल्या. त्या पोकळीने भिंतही कमी तापते. सोलापूरच्या गवंड्यांना ही रचना शिकवायला मला दोन दिवस लागले. इंजिनिअरची सही मिळवायला त्याहून कितीतरी अधिक.

एका घराचे एवढे कौतुक करण्यात थोडी चैन आहे, याची मला कल्पना आहे. सोलापूरजवळ कुंभारी येथे रे नगर वसाहतीतील १५,००० घरांचे जानेवारी २०२४ मध्ये लोकार्पण झाले; विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक यांच्यासाठीची ती घरे. अशा वसाहतीत एका नकाशाची हजारो घरे होतात. तिथे कोणी ओळी पूर्व-पश्चिम धराव्यात की दक्षिणोत्तर, गच्चीला पांढरा रंग अंदाजपत्रकात धरावा की वगळावा, असे एका दुपारी ठरवतो आणि तो निर्णय पुढची पन्नास वर्षे हजारो घरांत रोज रात्री उतरतो.

गेल्या उन्हाळ्यात मी मामांकडे असताना मामींच्या ओळखीच्या एक बाई गच्चीची सफेदी पाहायला आल्या. त्या विड्या वळतात. घर पत्र्याचे. चुना पत्र्यावर टिकत नाही, पोपडे धरतो. पत्र्याला वेगळा रंग लागतो, हे मी त्यांना सांगितले आणि मग रात्री झोप लागते का असे विचारले. त्या म्हणाल्या, रात्रीचे काही नाही, रात्री पत्रा लगेच गार होतो. दुपारी बसवत नाही, आणि विड्या तर दुपारीच वळायच्या. हे ऐकून मी गप्प झाले. पत्र्यात वेळ साठत नाही, स्लॅबमध्ये साठते. वीस वर्षे मी मामींच्या रात्रीसाठी घर दुरुस्त करत होते आणि या बाईंचा प्रश्न दुपारचा होता. घरात कोण, कोणत्या वेळी, कोणते काम करत बसते, हा रकाना माझ्या नकाशाच्या कागदावर कधी नव्हताच.

त्यांचे नाव एका नव्या वसाहतीच्या यादीत लागले होते. स्लॅबची घरे, तळमजला आणि वर एक मजला. मी म्हटले, खालचा मजला मिळाला तर सोडू नका. वर दुसऱ्याचे घर असले की ऊन त्याच्या छतावर पडते, तुमच्या नाही.

“ते काय आपल्या हातात आहे का ताई,” त्या म्हणाल्या, “चिठ्ठ्या टाकणार आहेत.”